गोष्टीतले गुरुजी

गोडादरा, सुरत
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

ताई,

वरती आधी पूर्ण मायना लिहिला होता, मग खोडला. जी बहीण चौदा महिने फोन उचलत नाही तिला 'साष्टांग नमस्कार' लिहिताना माझंच मला हसू आलं. म्हणून नुसतं ताई. पाकिटावरचं अक्षर ओळखून न फोडताच चुलीत घालशील अशी भीती आहे. पण फोडलंच असशील तर शेवटपर्यंत वाच. एका मुलीसाठी लिहितोय.

हर्षाली तिचं नाव. माझ्या नववीच्या वर्गात आहे, खिडकीकडचा तिसरा बाक. बाप भिकन लूमवर बारा तासांची पाळी करतो, आई साड्यांना लेस लावते. माणसं आपल्याकडचीच. बोरी नदीच्या पल्याड, तुझ्या सासरपासून दोन कोसांवर त्यांचं गाव आहे. त्या गावी तीस तारखेला, रविवारी, हर्षालीचं लग्न आहे. तिचं वय पंधरा वर्षं तीन महिने. मी वर्गशिक्षक, रजिस्टर माझ्याच ताब्यात असतं, म्हणून महिन्यांसकट सांगतोय.

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली त्या दिवशी, म्हणजे गेल्या गुरुवारी, मधल्या सुटीत ती शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात पुस्तिका. तीच, जी छापून आल्यावर मी तुला मोठ्या हौसेने पाठवली आणि जी वाचून तू माझ्याशी बोलणं टाकलंस. नववी-दहावीच्या मुलांसाठी सामाजिक प्रश्नांवरच्या कथा-कविता निवडून आम्ही शाळेतल्या शाळेत केलेलं ते पातळसं पुस्तक. तिने पान एकोणचाळीस उघडून माझ्यापुढे धरलं. त्या पानावर माझीच गोष्ट संपते. मुलीचा धाकटा भाऊ तिची चिठ्ठी गुरुजींना नेऊन देतो, गुरुजी सायकल काढून घरी येतात, बापाला चार गोष्टी समजावतात, वरात परत जाते आणि मुलगी दहावीच्या परीक्षेला बसते.

"सर, आ स्टोरी साची आहे ना?" तिने विचारलं. आमची मुलं अशीच बोलतात, अर्धं गुजराती, अर्धं मराठी. एरवी मी टोकलं असतं.

"खऱ्यावरून सुचलेली आहे," मी म्हणालो. लेखक असंच म्हणतात.

"मग तुम्ही येणार का आमच्या घरी? पप्पांना सांगायला?"

"बघतो," मी म्हणालो.

शनिवारी भिकनची गाठ पडली. गावाहून त्याचा मोठा भाऊ हिलालही आला होता, आजूबाजूला माणसं फार, त्यामुळे विषय काढता आला नाही. सोमवारपासून हर्षाली शाळेत नाही. तिला गावी नेऊन ठेवली, असं तिच्या बाकावरच्या स्नेहाने सांगितलं.

ताई, दाजी आणि हिलाल एकाच दूध सोसायटीत आहेत ना? तू एकदा जाऊन ये. बाईमाणूस म्हणून घरात शिरता येईल. पोरीला बघ, जमलं तर हिलालच्या बायकोशी बोल, परीक्षेपर्यंत तरी थांबा म्हणावं. तुझा राग कशाबद्दल आहे ते मला अजून उमगलेलं नाही. पण तो दोन आठवडे बाजूला ठेव. नंतर हवा तेवढा राग धर.

तुझा
वाल्मिक


गुरुवार, २० नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर मिळालं. वहीचं फाडलेलं अर्धं पान आणि त्यावर तीन ओळी. "फोन तुझ्या खिशात आहे. मुलांच्या मदतीचा नंबर तुझ्याच पुस्तिकेत पान चाळीसवर चौकट करून छापलाय. मला कशाला लिहितोस?" आई असती तर म्हणाली असती, वच्छी थोडकंच बोलते पण वर्मावर बोलते.

तो नंबर चौकटीत घालायची कल्पना माझीच. त्याबद्दल मला शाबासकीही मिळाली होती. आता तो लावत का नाही ते ऐक. वाचून मला भेकड म्हणशीलच, पण निदान पूर्ण ऐकून म्हण.

आमची शाळा मराठी माध्यमाची. दहा वर्षांपूर्वी नववीचे तीन वर्ग होते, आता एकच आहे आणि त्यात एकतीस मुलं. लोक पोरांना गुजरातीत घालतात, नाहीतर गल्लीतल्या इंग्रजी शाळेत. जी एकतीस उरलीत ती समाजाच्या ओळखीवर, माझ्यासारख्याने घरोघर फिरून आणलेली. मास्तरने आपल्याच माणसाच्या दारात पोलीस उभे केले, असं गोडादऱ्यात झालं तर जूनमध्ये पाचजणही यायचे नाहीत. आमचे मुख्याध्यापक पंडित सर हेच म्हणाले. "वाल्मिक, एका पोरीसाठी तीस पोरांची शाळा बंद पाडू नका." तीसच म्हणाले. एक त्यांनी आधीच वजा केली होती.

तुला वाटत असेल, जी माणसं बालविवाहाची गोष्ट मुलांना शिकवतात ती असं कसं बोलतात. आमची निवड कशी चालते ते तुला ठाऊक नाही. आम्ही तिघं होतो, पंडित सर, सुषमा मॅडम आणि मी. सुषमा मॅडमनी लिंबायतच्या एका बाईने लिहिलेली कविता आणली, नवऱ्याच्या पिण्यावर. चांगली होती, मी ती दोनदा वाचली होती. पंडित सर म्हणाले, "गुजरातमध्ये दारूबंदी आहे. नसलेल्या दारूवर कविता कशाला?" गेली. डाइंग मिलमध्ये बोटं गमावलेल्या माणसाची गोष्ट होती, पण छपाईचा खर्च उचलणाऱ्या शेठची स्वतःची मिल आहे. तीही गेली. इच्छापोरच्या कारखान्यांतल्या ठेकेदारीवरची एक होती, ती न वाचताच गेली. हुंड्यावरची कविता राहिली, कारण तिच्यातला नवरदेव कुठल्या तरी लांबच्या राज्यातला आहे. बालविवाहाच्या दोन गोष्टी आल्या होत्या. एकीत मुलगी बाळंतपणात जाते, दुसरीत नुसती सासरी जाते आणि गोष्ट संपते. पंडित सर म्हणाले, मुलांना रडवायचं नाही, शेवट गोड पाहिजे. मग मीच म्हणालो, मी लिहून आणतो. एका रविवारात लिहिली. काढून टाकायच्या कामात माझीही मान बरोबर हलली होती, हे तुला सांगायला हवं.

आणि आता तुझ्या रागाचं. गेल्या पत्रात मी लिहिलं की कारण उमगलेलं नाही. ते खोटं होतं.

तू दहावीत होतीस, मी सातवीत. तुझं लग्न ठरलं तेव्हा तू मला चार घड्या घातलेली चिठ्ठी दिलीस, गुरुजींना नेऊन दे म्हणालीस. मी त्यांच्या अंगणापर्यंत गेलो. ते ओट्यावर बसून दाढी करत होते. त्यांनी आरशातूनच विचारलं, "काय रे?" मी म्हणालो, "काही नाही गुरुजी." आणि परत आलो. तू विचारलंस तेव्हा सांगितलं, दिली. पुढचे आठ दिवस तू सारखी दाराकडे बघायचीस. मग हळद लागली. लग्नात मी दाजींचा कान पिळला, मला मनगटी घड्याळ मिळालं, आणि ते मी शाळेत सगळ्यांना दाखवत फिरलो. चिठ्ठी चड्डीच्या खिशात धुतली गेली.

तीसेक वर्षं तू समजत राहिलीस की गुरुजींना चिठ्ठी मिळाली आणि तरी ते आले नाहीत. माझ्या गोष्टीतला मुलगा गुरुजींच्या अंगणात थबकतो, आरशातला चेहरा बघून क्षणभर मागे फिरतो. ते वाचून तुला कळलं. शेवटचं बोलणं झालं त्यात तू एवढंच म्हणालीस, "गोष्टीत मोडलंस म्हणे माझं लग्न. बरं केलंस." आणि फोन ठेवलास.

मला माफ कर, असं लिहायची माझी लायकी नाही. पण ती मुलगी आज दाराकडे बघत बसली असेल. तू जा, ताई.

वाल्मिक


बुधवार, २६ नोव्हेंबर

ताई,

तू गेलीस. विरजण मागायचं निमित्त करून दोन कोस चालत गेलीस. तुझं पत्र मी वर्गातच फोडलं आणि मुलांना निबंध लिहायला लावून मागच्या बाकावर जाऊन बसलो.

"पोर आतल्या खोलीत होती. मी वाल्मिक मास्तरची बहीण म्हटल्यावर माझ्याकडे बघतच राहिली. मी म्हटलं, सरांनी पाठवलं. ती म्हणाली, सर आले होते की. मी विचारलं, कुठं? तिने सांगितलं. आता ते तू लिही. मला तुझ्या हातचं वाचायचं आहे."

लिहितो.

मी भिकनला शनिवारी भेटलो असं तुला सांगितलं, पण कुठे भेटलो ते सांगितलं नाही. बस्त्याला भेटलो. हर्षालीच्या लग्नाच्या बस्त्याला.

इथली रीत तुला पूर्ण ठाऊक नसेल. आपल्याकडची माणसं लग्नाचा कपडा घ्यायला सुरतेला येतात. नवरीचा शालू, मानपानाच्या साड्या, पोशाख, टॉवेल-टोप्या, सगळं एका बैठकीत. रिंग रोडच्या मार्केटमध्ये माझा जुना विद्यार्थी दीपक एका दुकानात माल दाखवायला असतो, म्हणून गोडादऱ्यातले लोक मला बरोबर नेतात. दुसरंही कारण आहे. शालूवरून दोन्हीकडच्या बायकांत हटकून जुंपते. मग शिकलेल्या, दोन्ही बाजूंना न लागणाऱ्या माणसाने एकावर बोट ठेवायचं आणि सगळ्यांनी ते मान्य करायचं. वीस वर्षांत मी कितीतरी बस्त्यांना गेलो असेन. त्यात मान असतो आणि मला तो आवडतो. सुरतेत मराठी शिकवणाऱ्या माणसाला दुसरा कुठला मान मिळतो?

गुरुवारी हर्षालीला 'बघतो' म्हणालो आणि शुक्रवारी संध्याकाळी भिकन बोलवायला आला. मला माहीत होतं, ताई, कुणाचं लग्न ते. तरी हो म्हणालो. स्वतःला सांगितलं की तिथेच भिकनला बाजूला घेऊन बोलू. इतकं सोपं वाटत होतं की वाटेत मी वाक्यंसुद्धा जुळवली. गोष्टीतल्या गुरुजींचीच वाक्यं होती ती.

दुकानात शिरलो. पांढऱ्या गादीवर दहा-बारा माणसं बसलेली, मधोमध साड्यांचा ढीग. हिलालने हात धरून बसवलं. "या मास्तर, बठा. तुमनीच वाट दखी ऱ्हायनूत आम्ही." बायकांच्या मागे, भिंतीला टेकून, हर्षाली बसली होती. मला पाहिलं आणि ती उठून उभी राहिली. वर्गात मी आलो की उभी राहते तशी. तिच्या तोंडावर जे काही उमटलं ते मला लिहिता येणार नाही. तिला वाटलं, गुरुजी आले.

एक बाई तिला म्हणाली, "बठ वं माय, मास्तरले काय उभं राहीसन दखस?" आणि ती बसली, पण माझ्यावरची नजर तिने काढली नाही.

मी भिकनला खुणेने बाहेर जिन्यात बोलावलं. तो आला. मी म्हणालो, "भिकन, पोर हुशार आहे रे." तो म्हणाला, "मास्तर, पोर मोठी व्हई गई. आम्ही दोन्ही कामवर जातस, ती खोलीमा एकटी ऱ्हास. आजूबाजूले कसा लोक ऱ्हातस ते तुमले माहीत शे. काय करो?" बोलताना रडकुंडीला आला होता तो. त्याला कुणीतरी 'थांब' म्हणावं असं वाटत होतं की काय, असं आता मला वाटतं. तेव्हा मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "बरोबर आहे." तेवढ्यात आतून हाक आली, शालूवरून वाद पेटला होता.

तीन शालू होते. डाळिंबी, मोरपंखी आणि एक हिरवा. सगळे माझ्याकडे बघत होते, तीही बघत होती. मी मोरपंखीवर बोट ठेवलं. हिलाल मोठ्याने म्हणाला, "मास्तरनी पसंत करेल शे. आते कोनी बोलानं नही." दीपकने माझ्या हातात शालू देऊन फोटो काढला. तो त्याच दिवशी सगळ्या वस्तीच्या मोबाइलवर फिरला.

त्यानंतर मी तिच्याकडे पाहिलं नाही. चहा प्यालो, उरलेल्या साड्याही निवडल्या.

हे तुला मी सांगितलं नव्हतं, आणि तू त्या पोरीच्या तोंडून ऐकलंस. आज तो पान चाळीसवरचा नंबर मी लावला. दोनदा रिंग गेली आणि मी कापला. अजून चार दिवस आहेत. उद्या लावतो.

वाल्मिक


मंगळवार, २ डिसेंबर

ताई,

तू उद्याची वाट बघितली नाहीस. फोन तूच केलास, आणि वर स्वतःचं नाव, गाव सगळं सांगितलंस. बालविवाह रोखणाऱ्या पथकातल्या बाई मला म्हणाल्या, "तुमच्या बहिणीने कळवलंय, नाव द्यायला त्या घाबरल्या नाहीत." त्यानंतर तुमच्यावर काय आलं ते मला दाजींकडून कळलं. सोसायटीने तुमचं दूध घेणं बंद केलं, कॅन दारात आणून ठेवला. दाजी फोनवर माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

शनिवारी काय झालं ते तुला अर्धंच माहीत असणार. उरलेलं अर्धं माझ्याकडे आहे.

शनिवारी शाळा सकाळची. साडेबारा वाजता मुलं गेली होती. मी कार्यालयात रजिस्टर उघडून महिन्याची हजेरी पुरी करत होतो. पंडित सरांचा मोबाइल वाजला. त्यांनी जरा वेळ ऐकलं, मग हाताने झाकून मला म्हणाले, "तिकडून पथक बोलतंय. त्या पोरीची जन्मतारीख विचारतायत. सांगा, रजिस्टर कपाटात आहे, चावी शिपायाकडे आहे, शिपाई गेला." आणि फोन माझ्या हातात दिला.

बाई घाईत होत्या. मागून हळदीची गाणी ऐकू येत होती. "सर, इथे बाप अठरा सांगतोय, आधारवरही अठराच दिसतंय. मुलगी बोलत नाहीये. शाळेतली तारीख मिळाली तर आम्हाला हे आत्ता थांबवता येईल. तुम्ही वर्गशिक्षक ना?"

रजिस्टर माझ्या कोपराखाली होतं, ताई. आणि त्याची गरजही नव्हती. वर्गातल्या एकतीसही जणांच्या तारखा मला पाठ आहेत, ज्याचा वाढदिवस असेल त्याचं नाव मी फळ्यावर लिहितो. चौदा ऑगस्ट दोन हजार दहा. तेवढे पाच शब्द बोलायचे होते. पंडित सर समोर उभे होते. ते काही वाईट माणूस नाहीत, त्यांच्या डोळ्यांत नुसती भीती होती, माझ्याही असणार.

मी म्हणालो, "बघून सांगतो."

तेच, जे मी हर्षालीला म्हणालो होतो. फोन परत दिला, चपला घातल्या आणि चालत सुटलो. उधना स्टेशनवर जाऊन बाकावर बसलो. आपल्याकडे जाणारी गाडी लागली होती. मी तिच्यात चढलो नाही. ती सुटताना बघितली. चार वाजता मी त्या बाईंचा नंबर पंडित सरांकडून मागवून घेतला, फोन केला आणि तारीख सांगितली. त्या म्हणाल्या, "सर, पुरावा नव्हता म्हणून आम्ही दोन वाजता बापाकडून लिहून घेऊन निघालो. आता सत्तर किलोमीटर लांब आहोत. तारीख लेखी पाठवा, आम्ही सकाळी परत जातो."

मी लेखी पाठवलं. सकाळी ते परत गेलेही. पण घरच्यांनी पहाटेच अक्षता टाकून घेतल्या होत्या.

बत्तीस वर्षांपूर्वी मी तेरा वर्षांचा होतो, घाबरलो, असं म्हणून इतके दिवस स्वतःची समजूत घालत आलो. शनिवारी मी पंचेचाळीस वर्षांचा होतो. घाबरण्याला वयाची अट नसते एवढंच मला कळलं. तुझी चिठ्ठी घेऊन मी आजही त्या अंगणातून परत येतो आहे.

तिला भेटलीस तर काही निरोप देऊ नकोस माझा.

वाल्मिक


मंगळवार, २३ डिसेंबर

ताई,

तुझं कार्ड आलं. "पोर विहिरीवरून पाणी आणते, सासू वाईट नाही. मी दर आठवड्याला जाते. तिची गणिताची वही मी आणून ठेवली आहे, कधी लागली तर असावी. तू आता पत्र लिहू नकोस." नाही लिहिणार. हे शेवटचं. यात तुझ्याकडे मागणं काही नाही.

गेल्या आठवड्यात नववीची चाचणी झाली. मराठीचा पेपर सुषमा मॅडमनी काढला होता, तपासायला माझ्याकडे आला. पाचवा प्रश्न त्यांनी पुस्तिकेतूनच उचलला होता. गोष्टीखाली मीच घातलेला स्वाध्याय. 'गुरुजींच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? आठ-दहा ओळींत लिहा. गुण पाच.' सुषमा मॅडमना मी विचारलं, हाच प्रश्न का? त्या म्हणाल्या, "का म्हणजे? अभ्यासक्रमात आहे ना?" आणि माझ्याकडे नीट बघून घेतलं.

तीस पेपर होते. एकोणतीस मुलांनी लिहिलं की आम्ही ताबडतोब घरी गेलो असतो, मुलीच्या वडिलांना शिक्षणाचं महत्त्व समजावलं असतं, वरात थांबवली असती. सगळ्यांची भाषा एकसारखी, वर्गात मीच फळ्यावर लिहून दिलेली. एकदोघांनी मदतीचा नंबरही बरोबर लिहिला होता. मी गुण देत गेलो, चार, साडेचार, चार. सगळ्यांनी तो फोटो पाहिलेला आहे, ताई. तरी त्यांनी हेच लिहिलं. परीक्षेत काय लिहायचं असतं ते आम्ही त्यांना उत्तम शिकवलंय.

तिसावा पेपर स्नेहाचा होता. हर्षालीच्या बाकावर ती आता एकटीच बसते. आठ-दहा ओळींच्या जागी तिने दोनच ओळी लिहिल्या आहेत. अक्षर सुंदर, एकही खाडाखोड नाही.

'गुरुजींच्या जागी मी असते तर बस्त्याला गेले असते. नवरीचा शालू मी पसंत केला असता.'

लाल पेन हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. वर्गात मुलं पुस्तक उघडून वाट बघत होती. खाली काही शेरा लिहावा असं मनात आलं. माफी मागावी असंही आलं. पण ते सगळं मला माझ्यासाठीच लिहायचं होतं, म्हणून नाही लिहिलं.

इतक्यात पंडित सर आले. पुस्तिकेची तिसरी आवृत्ती निघतेय, शेठना माझी गोष्ट फार आवडली, ती आहे तशीच ठेवायची, असं सांगून गेले. मी मान हलवली की नाही ते मला आठवत नाही. बहुतेक हलवली असेल.

मग स्नेहाला पाचपैकी पाच दिले. पेपर फेरतपासणीला वर जातात, कुणीतरी विचारेलच की दोन ओळींना पूर्ण गुण कसे. मी सांगेन, उत्तर बरोबर आहे.

वाल्मिक